आईनं बिडीला कधी हात लावला नाही, मग फुफ्फुसाचा कॅन्सर कसा?

ताई, नमस्कार.

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. आईचं वय ५२. गणपतीनंतर तिला खोकला लागला तो राहिलाच. जवळच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढून टीबी आहे म्हणून गोळ्या चालू केल्या. थुंकी तपासलीच नाही. चार महिने गोळ्या खाऊनही खोकला तसाच, वर वजन उतरलं, पाठ दुखायला लागली आणि संक्रांतीला धाप लागायला लागली. बेळगावला नेलं तर फुफ्फुसाबाहेर पाणी साठलेलं. एक लिटरवर पाणी काढलं. त्या पाण्याच्या तपासणीत ॲडेनोकार्सिनोमा या जातीचा फुफ्फुसाचा कॅन्सर आला.

आईनं जन्मात बिडी-सिगारेट ओढली नाही. बाबा मात्र पंचवीस-तीस वर्षं बिडी ओढतात. हे कळल्यापासून ते पडवीत बसून असतात, धड जेवत नाहीत. आत्या म्हणते, ‘हिनंच चोरून ओढली असेल, मशेरी तर लावायचीच.’ डॉक्टर म्हणतात, सुई घालून तुकडा काढायचा, जीनची तपासणी करायची, रिपोर्टला पंधरा दिवस लागतील. थोरले काका म्हणतात, सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, त्यापेक्षा घाटाखालचं झाडपाल्याचं औषध आणू. आईला आम्ही ‘छातीत पाणी झालंय’ एवढंच सांगितलंय.

मी उद्यमबागला फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. पगार अठरा हजार, त्यातून पीएफ, ईएसआय कापून जातं. बहीण बारावीला. आम्हालाही हे होईल का? आम्ही दोघांनी सीटी स्कॅन करून घ्यावा का? आणि आईलाच हे का झालं?

— खानापूर तालुक्यातला एक मुलगा


भाऊ,

तुमच्या पत्रात घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही बोललंय. आत्या बोलल्या, काका बोलले, बाबा न बोलता बोलले. जिच्या अंगात दुखणं आहे ती आई मात्र कुठं बोललेली दिसत नाही. तिच्याकडे येतेच. पण आधी ती जीनची तपासणी. आत्ता तुमच्या हातात जे काही आहे त्यात तीच सर्वांत मोलाची, आणि घरातून नेमकी तीच टाळायला सांगितली जातेय.

कधीच न ओढलेल्या माणसाला फुफ्फुसाचा कॅन्सर होतो तेव्हा तो बहुतेक करून याच जातीचा असतो, ॲडेनोकार्सिनोमा. त्यात पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या एखाद्या जीनमध्ये बिघाड सापडण्याची शक्यता बरीच असते. शेतातल्या पंपाचा स्टार्टर चिकटून बसला की लाल बटण कितीही दाबा, मोटर चालूच राहते. तसाच हा प्रकार. रिपोर्टवर या बिघाडांची नावं ईजीएफआर, एएलके, रॉस-वन अशी येतात. आपल्या देशात ॲडेनोकार्सिनोमाच्या साधारण चार रुग्णांत एकाला ईजीएफआरचा बिघाड असतो, एएलकेचा शंभरात तीन ते सात जणांना. न ओढणाऱ्या बायकांत ईजीएफआरचं प्रमाण याहून जास्त. बिघाड सापडला तर हळहळू नका. त्यावर नेम धरून चालणाऱ्या गोळ्या आहेत, घरी बसून घ्यायच्या.

मग तपासणी कशाला, सरळ गोळीच चालू करा, असंही कुणीतरी सुचवेल. आशियातल्या नऊ देशांत १२१७ रुग्णांवर ईजीएफआरवरच्या जेफिटिनिब या गोळीची केमोथेरपीशी तुलना झाली होती, निकाल २००९ मध्ये छापून आला. रुग्ण मुद्दाम निवडलेले होते, कधीच न ओढलेले किंवा पूर्वी थोडंफार ओढून सोडलेले. ज्यांच्यात ईजीएफआरचा बिघाड निघाला त्यांच्यातल्या ७१ टक्के लोकांची गाठ त्या गोळीनं चांगलीच आकसली. ज्यांच्यात बिघाड नव्हता त्यांच्यात हे प्रमाण होतं जेमतेम १ टक्का. तेव्हा ‘बाई आहे, ओढत नाही, म्हणजे गोळी लागू पडणारच’ हा अंदाज चालत नाही. रिपोर्ट हवाच.

पंधरा दिवस थांबल्यानं संधी हुकत नाही. आईला धाप फारच लागत असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर केमोचा एखादा डोस देतात, त्याला ना म्हणू नका. इम्युनोथेरपीचं, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं महागडं इंजेक्शन मात्र रिपोर्टच्या आधी कुणी सुचवलं तर ‘आधी रिपोर्ट येऊ दे’ असं स्पष्ट सांगा. ईजीएफआर किंवा एएलके असलेल्यांना त्याचा उपयोग कमी होतो, आणि पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची नवी गोळी द्यायची वेळ आली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

आता काकांची सुई. पहिली गोष्ट, ती कदाचित लागणारही नाही. आईचं जे लिटरभर पाणी काढलं त्यातल्या पेशी गाळून मेणात बसवतात, त्याला सेल ब्लॉक म्हणतात. त्यात पेशी पुरेशा असतील तर जीनची तपासणी त्याच्यावरच होते. उद्याच्या उद्या पॅथॉलॉजीत जाऊन विचारा, ब्लॉक केलाय का, त्यात तपासणीपुरता ऐवज आहे का. नसेल तर पाणी पुन्हा साठल्यावर काढतील तेव्हा ते त्यासाठी पाठवा म्हणून सांगा. काही वेळा रक्तातूनही हा बिघाड सापडतो, पण रक्तात सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं नसतं. तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड तुम्हाला मागून घेता येतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर नुसती रिपोर्टची झेरॉक्स नेऊन भागत नाही, तोच ऐवज न्यावा लागतो.

आणि लागलीच सुई, तर लागू द्या. सुईच्या वाटेनं फुफ्फुसाचा कॅन्सर पसरणं अगदी क्वचित घडतं. खरा धोका असतो तो फुफ्फुसातून हवा गळण्याचा आणि थोड्या रक्तस्रावाचा, म्हणून नंतर एक्स-रे काढून काही तास झोपवून ठेवतात. काकांना एवढंच विचारा की आईच्या छातीतल्या पाण्यात कॅन्सर आला तेव्हा सुई कुठं लागली होती? तो आधीच तिथं पोचला होता. ‘सुई लावली आणि माणूस गेला’ असं गावोगाव सांगतात, कारण आपल्याकडे सुई लागते तीच उशिरा.

तुमच्या पत्रातल्या टीबीच्या गोळ्यांच्या ओळीपाशी मी थबकले. त्या अजून चालू आहेत की बंद झाल्या, ते तुम्ही लिहिलं नाही. चालू असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, गोळ्यांचं पाकीटच दाखवा. त्यातलं रिफाम्पिसिन हे औषध जेफिटिनिबसारख्या गोळ्या लिव्हरमध्ये इतक्या झपाट्यानं संपवतं की रक्तात त्यांचं प्रमाण पार खाली येतं. पैसे मोजून आणलेली गोळी वाया जाते. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका. खरोखर टीबीही असू शकतो, दोन्ही एका छातीत नांदतात. थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती करून घ्या आणि मग छातीच्या डॉक्टरांना ठरवू द्या. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असेल तर तीही सांगा, तिनंही काही गोळ्या अंगी लागत नाहीत. घाटाखालच्या औषधाला माझा विरोध याच कारणानं आहे. त्यात काय उकळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि या गोळ्यांचा सगळा हिशेब लिव्हरवर चालतो.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते. एक्स-रेवरच्या डागावरून टीबीचं औषध चालू झालं, थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि दोन महिन्यांत काही उतार पडला नाही, तर तेच औषध रेटत बसू नका, सीटी स्कॅन करायला सांगा. तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, बसलेला आवाज, खांद्यात किंवा पाठीत ठाण मांडून बसलेलं दुखणं, बोटांची टोकं फुगीर होणं, यातलं काही असेल तर ‘ही तर ओढत नाही’ म्हणून कॅन्सरची शंका बाजूला सारायची नाही. आपल्या भागात टीबी इतका ओळखीचा की छातीवरचा प्रत्येक डाग त्याच्याच नावावर खपतो. त्यापायी महिने जातात.

स्टेज तुम्ही विचारली नाही, पण अंधारात राहू नका. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या म्हणजे चौथी स्टेज. ऑपरेशननं काढून टाकण्याची ही वेळ नाही. आजार मुळासकट जाईल असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि ‘आता काही उरलं नाही, घरी न्या’ म्हणणाऱ्यावरही ठेवू नका. ईजीएफआरचा बिघाड असलेल्या रुग्णांना ओसिमर्टिनिब दिलं त्या मोठ्या चाचणीत निम्मे लोक तीन वर्षांहून जास्त जगले. एएलकेवर लॉरलॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचा आजार पाच वर्षांनंतरही पुढं सरकलेला नव्हता. ही औषधं महाग आहेत, ओसिमर्टिनिबचा महिना लाखाच्या घरात जातो, ऐकून घाम फुटेल. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम ध्यानात ठेवा. तिथं ३५० रुग्णांवर जेफिटिनिब एकट्यानं आणि जेफिटिनिबसोबत केमो असं करून पाहिलं. एकट्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून १६ महिने, आणि जगण्याचा काळही वाढला. त्रास जास्त होतो हे खरं. पण जेफिटिनिब आता देशी कंपन्यांची स्वस्तात मिळते आणि त्यासोबतची केमोही जुनी, जमण्यासारखी आहे. ओसिमर्टिनिब परवडत नाही म्हणजे सगळंच संपलं असं समजू नका. कुठलाच बिघाड निघाला नाही तर केमो आणि इम्युनोथेरपीचा विचार होतो, ते तेव्हा बघू.

गोळी चालू झाल्यावर तोंडावर मुरमांसारखं पुरळ येईल, जुलाब होतील, नखांच्या कडा चिरतील. त्याला औषधं आहेत. बाया त्या पुरळाला घाबरून कुणाला न सांगता गोळी सोडतात, म्हणून आधीच कानावर घालून ठेवा. हे बिघाडवाले कॅन्सर मेंदूकडे लवकर जातात, तेव्हा मेंदूचा एमआरआय करायचा का हेही विचारून घ्या.

आता बाबांना पानावर बसवा. बिडीचा धूर घरातल्या न ओढणाऱ्यालाही बाधतो, हे सिद्ध झालेलं आहे आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. नवरा ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. पण मुळातला धोका लहान, तो चतुर्थांशानं मोठा होतो. बिडी ओढणाऱ्या बहुसंख्य नवऱ्यांच्या बायकांना हा आजार होत नाही. आईच्या बाबतीत तोच धूर कारण ठरला असं छातीठोकपणे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. त्यांना अपराधी वाटत असेल तर एक काम त्यांच्या हातात आहे, बिडी आज सोडणं. धाप लागणाऱ्या माणसाच्या घरात धूर नकोच. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी मदतवाहिनीचा फुकटचा नंबर आहे, तुम्ही लावून द्या.

आणि चूल? ती पत्रात कुठंच नाही, म्हणून मीच विचारते. खानापूर भागात गॅस येऊनही भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच असतं. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ओली लाकडं, कोंदट न्हाणीघर, तोंडाला फुंकणी आणि डोळ्यांतून पाणी, हे रोज पहाटे, लग्न होऊन आल्यापासून. घरातल्या दगडी कोळशाचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक पातळीवर नक्की झालंय. लाकडाच्या धुराला ‘बहुधा करतो’ या यादीत ठेवलंय. बाहेरची दूषित हवा २०१३ पासून ‘नक्की करतो’ या यादीत आहे. २०२३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतले सूक्ष्म कण स्वतः जीन बिघडवत बसत नाहीत. वयामुळं फुफ्फुसात आधीच एखाददुसरी बिघडलेली पेशी निपचित पडलेली असते, हे कण तिथं सूज आणून तिला जागं करतात. तेव्हा ‘का झालं’ याला एकच उत्तर नसतं. वय, धूर, धूळ, नशीब, सगळं थोडंथोडं.

आत्यांना मात्र आवरा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये छापलेल्या नोंदींत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी कधी ओढलेलंच नव्हतं. ते सगळे काय चोरून ओढत होते? आपल्याकडे तंबाखू पीकही आहे आणि पोटही. निपाणीत १९८१ ला पिकाच्या दरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले ते तंबाखूचेच. त्यामुळं कॅन्सर म्हटला की बोट तिकडंच जातं. मशेरी वाईटच, तोंडाचा कॅन्सर करते, आई अजून लावत असेल तर सोडवा. पण या गाठीचं खापर तिच्यावर फोडायला आधार नाही. जावयाच्या, सुनेच्या, शेजारणीच्या कानावर हा ‘चोरून ओढली’चा आळ गेला की आई माणसांत जायची बंद होईल. तुम्ही मोठे आहात, आत्यांशी एकदा सरळ बोला.

आईला सांगा. रोज गोळी घ्यायची, पुरळ सोसायचं, महिन्या-दोन महिन्यांनी सीटीला जायचं आणि हे सगळं कशासाठी ते ठाऊक नाही, असं किती दिवस चालेल? वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्याच दिवशी ‘तुम्हाला कुठला कॅन्सर?’ म्हणून विचारते. तिच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. एकदम सगळं ओतू नका. ‘त्या पाण्यात वाईट गाठीच्या पेशी सापडल्यात, त्यावर गोळी मिळते का ते बघतोय, तुला आणखी काय विचारायचंय?’ एवढ्यावर थांबा, पुढचं ती विचारेल. रिपोर्ट इंग्रजीत, नर्स कन्नडमध्ये आणि आई मराठीत, अशी गत होणार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की आईशी मराठीत बोला. बेळगावात त्यात अवघड काही नाही.

तुम्हा दोघांच्या सीटीचं लवकर आटपते. नको. गाठीतला बिघाड आयुष्यात नंतर त्या पेशीपुरता झालेला असतो, तो पोटच्या पोरांत उतरत नाही. लक्षण नसलेल्या तरुण, न ओढणाऱ्या माणसाचा सीटी करायचा नसतो. टीबीचे जुने व्रण दिसतात आणि त्यामागे नसती धावपळ होते. तुमची काळजी मला वेगळी आहे. मोल्डिंगच्या वाळूची बारीक सिलिका फुफ्फुसाला कायमची चिकटते, आणि ती कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या नक्की झालेल्या यादीत आहे. नाकाला रुमाल बांधून काही थांबत नाही, एन-९५ मास्क मागा. कारखान्याकडून वर्षाची तपासणी होते का, तिचा कागद तुमच्या हातात मिळतो का, ते बघा.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही, पण एक शब्द लिहून गेलात, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. पगार २१ हजारांच्या आत असलेल्या कामगाराच्या अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही ईएसआयचे उपचार लागू असतात, कॅन्सरचेसुद्धा. वर्गणी किती दिवस भरली याच्या आणि आई-वडिलांच्या उत्पन्नाच्या अटी आहेत. आईचं नाव कार्डावर चढलंय का ते उद्याच बघा. नसेल तर कंपनीच्या ऑफिसातून चढवून घ्या आणि ईएसआय दवाखान्यातून पुढच्या हॉस्पिटलची चिठ्ठी घ्या. ते जमलं नाही तर बीपीएल रेशनकार्डावर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकातून वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे. तिथं आधी सरकारी हॉस्पिटलची, म्हणजे सिव्हिलची चिठ्ठी लागते. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, मग त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. आजारी माणसानं त्या भांडणात पडू नये. तुमचं गाव यादीत असेल तर तेही कागद जमवून ठेवा. ज्या दारातून आईचा उपचार होईल ते दार आपलं.

जीनचा रिपोर्ट आला की नुसतं ‘पॉझिटिव्ह’ ऐकून परतू नका. ईजीएफआरपुढं एक्सॉन म्हणून आकडा असतो, जीनचा कितवा तुकडा बिघडलाय ते तो सांगतो. १९ किंवा २१ असेल तर वर सांगितलेल्या गोळ्या बहुधा चालतात. एक्सॉन २० मधलं इन्सर्शन, म्हणजे मध्येच घुसलेला जादा तुकडा असेल तर जेफिटिनिबचा सहसा उपयोग होत नाही, वेगळा विचार करावा लागतो. तो आकडा मला लिहून कळवा. पत्र पोचायची वाट मात्र बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.